पंच्याऐंशी किलोमीटर, सावकाश

फ्रान्सच्या सीमेला अगदी खेटून श्वाइगेन नावाचं जर्मन गाव आहे. गावात शिरताना एक अवजड दगडी वेस लागते. जाड चौकोनी खांब, वर सज्जा आणि पायथ्याशी पर्यटकांच्या बसगाड्या. नवख्या माणसाला वाटतं, एखाद्या जुन्या किल्ल्याचा हा उरलेला दरवाजा असावा. पण तिचं बांधकाम 1936 सालचं. हे ‘दॉइचेस वाइनटोर’, जर्मन वाइनचं प्रवेशद्वार. इथून उत्तरेला बोकेनहाइमपर्यंत 85 किलोमीटरचा ‘दॉइचे वाइनश्ट्रासे’ म्हणजे जर्मन वाइन मार्ग जातो. डावीकडे जंगलानं झाकलेली हार्टची डोंगररांग, उजवीकडे ऱ्हाइनच्या खोऱ्याचं मैदान आणि मधल्या उतारावर द्राक्षमळे. न थांबता गाडी हाकली तर दोन तासांत सगळं उरकतं. तसं उरकायचं असेल तर फ्रँकफुर्टहून इथवर यायचे कष्ट कशाला घ्यायचे? तीन-चार दिवस हाताशी असतील तरच या वाटेला लागावं.

या मार्गाच्या जन्माची गोष्ट त्याच्या सुंदर गावांइतकी साधीभोळी नाही. 1934 आणि 1935 या दोन वर्षांत या भागात, म्हणजे फाल्ट्स प्रांतात, द्राक्षांचं उदंड पीक आलं आणि वाइनचे भाव कोसळले. इथली वाइन देशभर पोहोचवण्यात ज्यू व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता आणि नाझी राजवटीनं त्यांना तोवर धंद्यातून हुसकून लावलं होतं. तळघरं भरलेली आणि माल उचलणारा कुणी नाही, अशी गत झाली. तेव्हा पक्षाचा प्रादेशिक प्रमुख योझेफ ब्युर्केल यानं तोडगा काढला: माल गिऱ्हाइकाकडे जात नसेल, तर गिऱ्हाईकच मळ्यात आणायचं. त्यासाठी नवा रस्ता बांधायची गरज नव्हती. गावांना जोडणाऱ्या जुन्याच वाटा एका नावाखाली ओवल्या गेल्या आणि 19 ऑक्टोबर 1935 रोजी उद्घाटन झालं. पाच वर्षांनी, ऑक्टोबर 1940 मध्ये, याच ब्युर्केलच्या आणि शेजारच्या बाडेन प्रांतप्रमुखाच्या हुकमानं साडेसहा हजारांच्या आसपास ज्यू माणसं दक्षिण फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत पाठवली गेली. द्राक्षवेली, लाकडी सांगाड्याची घरं आणि खिडक्यांतली जिरेनियम पाहत जाताना हे ठाऊक असलेलं बरं. जर्मनीत आज जागोजागी असे पर्यटनमार्ग आहेत. त्यांतल्या सर्वांत जुन्या मार्गांमध्ये हा मोडतो.

श्वाइगेनच्या मळ्यांनी देशांची हद्द कधी फारशी मनावर घेतलेली नाही. गावातल्या बागायतदारांच्या बऱ्याच वेली सीमेपलीकडे, फ्रान्सच्या आल्सास भागात उभ्या आहेत. ट्रॅक्टर सकाळी जर्मनीतून निघतो, फ्रान्समध्ये छाटणी होते, द्राक्षं परत जर्मनीत येतात आणि बाटलीवर जर्मन वाइन म्हणून नाव लागतं. या उतारांवर पूर्वी पलीकडच्या वाइसेनबुर्गच्या मठाची मालकी होती. ते शहर आता व्हिसेंबूर या फ्रेंच नावानं ओळखलं जातं आणि मळ्यांतून पायी गेलं तरी पाऊण तासात गाठता येतं. वेशीजवळूनच जर्मनीतली पहिली ‘वाइन पाऊलवाट’ सुरू होते. 1969 साली आखलेल्या या वाटेवर द्राक्षाच्या जाती, माती आणि मशागत यांची माहिती देणारे फलक आहेत. ज्यांना रीसलिंग आणि बुरगुंडर यांत काडीचा फरक कळत नाही, त्यांनी पहिला तास इथे घालवावा. पुढे तीन दिवस शहाण्यासारखं बोलता येतं.

पहिला फाटा ड्योरेनबाखचा. गाव एका घळीत लपलेलं, सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं लाकडी सांगाड्याचं नगरभवन आणि समोर तटबंदीतलं चर्च. शत्रू आला की गाव या तटाच्या आत शिरायचं. आज शत्रू येत नाही, दुपारी कॉफी-केकसाठी माणसं येतात. पुढचं बाट बेर्गत्साबेर्न हे आरोग्यस्नानाचं शहर झटकन मागे टाकलं तरी चालेल. ग्लाइसत्सेलेन मात्र टाळू नये. इथली ‘विन्त्सरगासे’, म्हणजे द्राक्षबागायतदारांची गल्ली, इतकी अरुंद आहे की समोरून ट्रॅक्टर आला की मागे जावं लागतं ते मोटारवाल्यालाच. गाव मस्काटेलर या सुगंधी द्राक्षासाठी प्रसिद्ध आहे. पेला नाकाशी नेला की फुलांचा वास आधी येतो, चव नंतर.

इतक्या उत्तरेकडच्या अक्षांशावर अंजीर, बदाम आणि खाण्याचे चेस्टनट कसे पिकतात, याचं उत्तर डावीकडच्या डोंगरात आहे. पश्चिमेकडून येणारे पावसाचे ढग हार्टच्या पलीकडे रिते होतात. अलीकडे उरतं ते कोरडं, ऊबदार हवामान आणि वर्षाकाठी सुमारे 1,800 तास ऊन. पश्चिम घाटाच्या पूर्वेला माण-खटावच्या वाट्याला जे येतं त्याच न्यायाने हे घडतं, फक्त इथे पर्जन्यछायेचं सोनं झालं आहे. मार्चमध्ये गिमेलडिंगेन गावातले बदाम फुलतात तेव्हा रस्ते गुलाबी होतात आणि वाइनच्या हंगामातली पहिली मोठी जत्रा तिथेच भरते. तिची तारीख फुलं ठरवतात, त्यामुळे महिनाभर आधी हॉटेल राखून ठेवणाऱ्यांची पंचाईत होते. डोंगरउतारांवरची चेस्टनटची झाडं मात्र केवळ खाण्यासाठी वाढवलेली नव्हती. त्यांचं लाकूड लवकर कुजत नाही, म्हणून वेलींच्या आधाराचे खांब त्याचे केले जात. फाल्ट्समध्ये आज 23 हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र द्राक्षाखाली आहे. याहून मोठा जर्मन वाइन प्रदेश एकच, उत्तरेला लागून असलेला ऱ्हाइनहेसेन.

या मार्गावर पैसे कुठे खर्च करावेत असं कुणी विचारलं, तर उत्तर सोपं आहे: मोठ्या घराण्यांच्या संगमरवरी चाखणीदालनात थोडे आणि ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’मध्ये जास्त. हे बागायतदाराच्या घरचंच हंगामी खानपानगृह. अंगण, कोठार किंवा गाडी ठेवायची शेड, जे रिकामं असेल तिथे बाकं टाकायची. वेगळा हॉटेलपरवाना लागत नाही, पण अटी पक्क्या आहेत. वर्षातून फार तर चार महिने, तेही जास्तीत जास्त दोन टप्प्यांत, चाळीसच जणांची बसायची सोय, वाइन स्वतःच्या मळ्याची, खाणं साधं. दारावर डहाळ्यांची जुडी किंवा केरसुणी टांगली की समजायचं, आज चूल पेटली आहे.

आत गेलं की मोकळं टेबल शोधायच्या भानगडीत पडू नये. लांब बाकावर जिथे दोन माणसांची जागा दिसेल तिथे विचारून बसायचं. थोड्या वेळानं ताट येतं: जाड कापांचा राय धान्याचा पाव, घरचं लिव्हर सॉसेज, लोणच्याची काकडी. शाकाहारी माणसासाठी उकडलेले बटाटे आणि कांद्याची पात घातलेलं मऊ पांढरं चीज. मग येतो तो खास फाल्ट्सचा पेला, डुब्बेग्लास. अर्ध्या लिटरचा, खाली निमुळता, अंगावर बोटांच्या टोकाएवढे गोल खळगे. सांगतात की खाटकांच्या तुपट हातांतून पेला निसटू नये म्हणून हे खळगे आले. खरं-खोटं कुणास ठाऊक, पण हात घामेजला असेल तर पकड घट्ट बसते खरी. पेल्यात बहुधा ‘शोर्ले’ असतं, म्हणजे सोडा घातलेली वाइन. जर्मनीत इतरत्र ते निम्मं-निम्मं करतात. फाल्ट्सचा माणूस आधी वाइन ओततो, पुष्कळ ओततो, आणि उरलेल्या दोन बोटं जागेत सोडा घालतो. बुडबुडे काठापर्यंत चढतात, थोडे टेबलावर सांडतात आणि पेला पहिल्या माणसाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे सरकतो. मित्रमंडळींत एकच पेला फिरवायची इथे रीत आहे. उष्ट्याची कल्पना बाळगणाऱ्या मराठी माणसाला पहिल्या फेरीला अवघडल्यासारखं होतं. नको असेल तर वेगळा पेला मागावा, कुणी रागावत नाही. पण शेजारच्यानं पेला पुढे केला आणि आपण तो घेतला, की पुढचा तासभर मोडक्या इंग्रजीत का होईना, गप्पा सुरू होतात.

गाडी चालवणाऱ्यानं मात्र या फेऱ्यांपासून दूर राहावं. जर्मनीत रक्तातल्या मद्यांशाची मर्यादा 0.5 प्रति हजार आहे. एकवीस वर्षांखालच्या आणि नवा परवाना मिळालेल्या चालकांना ती शून्य आहे. बागायतदारांकडे द्राक्षाचा साधा रसही मिळतो आणि तो आपल्याकडच्या खोक्यातल्या रसापेक्षा कितीतरी सरस असतो. चाखण्यापुरती वाइन तोंडात फिरवून थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. ते वापरणाऱ्याला इथे कुणी हसत नाही, उलट जाणकार समजतात. आणखी एक. गावागावांत वेगमर्यादा पुष्कळदा ताशी 30 किलोमीटर असते आणि खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम. पुण्या-मुंबईच्या सवयीनं भोंगा वाजवून पुढे घुसण्यात अर्थ नाही.

लाइन्सवाइलरवरून वळून थोडं जंगलात गेलं तर ट्रिफेल्सचा किल्ला गाठता येतो. इंग्लंडचा राजा रिचर्ड धर्मयुद्धावरून परतताना पकडला गेला आणि 1193 साली सम्राट सहाव्या हेन्रीनं त्याला इथे कैदेत ठेवलं. किल्ल्याची सध्याची भव्यता बरीचशी विसाव्या शतकातली आहे, तेव्हा इतिहासाचा वास घ्यायला जाणाऱ्यानं बेतानं अपेक्षा ठेवाव्यात. वरून दिसणारं जंगल मात्र अस्सल.

त्याहून वाइनच्या दृष्टीनं मोलाची जागा झीबेलडिंगेनजवळचं गाइलवाइलरहोफ. बाहेरून ते जुन्या जहागिरीसारखं दिसतं, आत द्राक्षपैदाशीची सरकारी संशोधनसंस्था आहे. अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकात आलेल्या भुरी आणि केवडा या रोगांनी युरोपातल्या वेली जेरीस आणल्या. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे दोन शब्द उच्चारले तरी फवारणीचं वेळापत्रक आठवतं. या रोगांना तोंड देईल, पण वाइन चांगली देईल, अशी जात तयार करायची, हा इथल्या शास्त्रज्ञांचा ध्यास. 1967 साली केलेल्या एका संकरातून ‘रेगेंट’ ही लाल जात आली. तिला फवारण्या कमी लागतात. बागायतदारांनी ती स्वीकारली, ग्राहक अजूनही रीसलिंगच मागतो. नव्या जातीला मळ्यात रुजायला तीस वर्षं लागतात आणि हॉटेलच्या यादीत रुजायला त्याहून जास्त, असा हा व्यवहार आहे.

रोट उंटर रीटबुर्ग या गावी दुपार काढावी. तेरेझियनश्ट्रासे नावाच्या चढत्या रस्त्याला दोन्हीकडे घोडेचेस्टनटची झाडं, त्यामागे बागायतदारांची मोठमोठी घरं, बैलगाडी आत जाईल एवढे कमानदार दरवाजे. रस्त्याला नाव मिळालं बव्हेरियाच्या राणी तेरेझेचं. 1816 पासून फाल्ट्स बव्हेरियाच्या ताब्यात होतं आणि राजा पहिला लुडविग यानं गावावरच्या टेकडीवर 1846 ते 1852 या काळात इटालियन धाटणीचा उन्हाळी बंगला बांधला. राजा कॅथलिक, राणी प्रोटेस्टंट. त्यामुळे ती प्रार्थनेसाठी टेकडी उतरून रोटच्या चर्चमध्ये यायची. गंमत अशी की 1810 साली म्युनिकमध्ये याच दोघांच्या लग्नाचा सोहळा झाला, त्यातून पुढे ऑक्टोबरफेस्ट उभा राहिला. जगातल्या सर्वांत गाजलेल्या बिअरजत्रेला निमित्त झालेलं हे जोडपं उन्हाळ्यात मात्र द्राक्षमळ्यांकडे यायचं. गावाच्या कडेला ट्रामिनर जातीचा एक लहानसा मळा आहे. तिथल्या वेली सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धाच्या सुमारास लावल्या गेल्या, असं मानलं जातं. खोडं माणसाच्या मांडीएवढी, पिळलेली, मधेच पोकळ. तरी दर वसंतात त्यांना कोंब फुटतात, थोडी द्राक्षं लागतात आणि त्यांची वाइनही होते.

पुढे एडेनकोबेन आणि माइकामर ही गावं रस्त्यालाच लागून आहेत. वेळ असेल तर थांबावं, नसेल तर सरळ हाम्बाख गाठावं.

हाम्बाखचा किल्ला दुरून एखाद्या मोठ्या शाळेसारखा दिसतो, पण जर्मन लोकशाहीच्या इतिहासात त्याचं स्थान फार वरचं आहे. 27 मे 1832 रोजी वीस ते तीस हजार माणसं नॉयश्टाटच्या बाजारचौकातून मिरवत इथे चढून आली. विद्यार्थी, वकील, कारागीर, स्त्रिया, पोलंडमधून परागंदा झालेले स्वातंत्र्यसैनिक. मागणी होती एकसंध जर्मनीची, छपाईच्या स्वातंत्र्याची आणि राजेशाहीच्या जाचातून सुटकेची. काळा-लाल-सोनेरी झेंडा, जो पुढे राष्ट्रध्वज झाला, तो त्या दिवशी ठळकपणे फडकला. बहुतेक पाहुणे त्याचं छायाचित्र काढून परततात. त्याच मिरवणुकीतला दुसरा झेंडा जास्त बोलका होता. ड्युर्कहाइमचे द्राक्षबागायतदार काळा झेंडा घेऊन आले होते आणि द्राक्षकऱ्यांवर सुतकाची पाळी आली आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यावर लिहिला होता. जकातीच्या भिंतींमुळे शेजारच्या राज्यांत वाइन विकणं अवघड झालं होतं आणि कर मात्र चुकत नव्हते. भाषणं करणाऱ्यांना स्वातंत्र्य हवं होतं, वेल लावणाऱ्यांना बाजारपेठ हवी होती. दोघे एकाच टेकडीवर चढले, म्हणून तो दिवस मोठा झाला. शंभर वर्षांनी 1935 मध्ये पुन्हा तेच: तळघर भरलेलं, गिऱ्हाईक नाही. फरक एवढाच की या खेपेला गाऱ्हाणं मांडायची सोय उरली नव्हती.

पायथ्याच्या नॉयश्टाटचं नावही वाइन मार्गाच्या प्रचारातून बदललं. पूर्वी ते ‘हार्टवरचं नॉयश्टाट’ होतं, 1936 मध्ये ‘वाइनश्ट्रासेवरचं’ झालं. जुन्या गावात एक विक्षिप्त कारंजं आहे, शिल्पकार गेर्नोट रुम्फ यानं 1978 मध्ये घडवलेलं. त्यावर बसलेले अर्धे कोंबडी, अर्धे भलतंच काहीतरी असलेले प्राणी म्हणजे ‘एल्वेट्रिचे’, फाल्ट्सच्या लोककथांतले पक्षी. नवख्या पाहुण्याला रात्री पोतं आणि कंदील देऊन जंगलात या पक्ष्यांच्या शिकारीला उभं करायचं आणि स्वतः गुपचूप गावात परतून पेला भरायचा, ही इथली जुनी थट्टा.

नॉयश्टाटच्या उत्तरेला मार्गाचा श्रीमंत भाग सुरू होतो. घरांच्या भिंती उंच, दरवाजांवर कुलचिन्हं, किमतीही त्याच उंचीच्या. डाइडेसहाइम हे त्याचं मुख्य ठाणं. इथल्या राइक्सराट फॉन बुल या घराण्याची रीसलिंग 1869 मध्ये सुएझ कालव्याच्या उद्घाटनाला पेल्यांत होती, हे घराणं आजही अभिमानानं सांगतं. चॅन्सेलर हेल्मुट कोल हे याच प्रांतातल्या लुडविग्सहाफेनचे. परदेशी पाहुणे आले की ते त्यांना बॉनच्या मेजवानीदालनातून उचलून डाइडेसहाइमर होफ या हॉटेलात आणायचे आणि झाउमागेन खायला घालायचे. डुकराचं मांस, बटाटे आणि तुळशीच्या जातकुळीतला मार्जोरम डुकराच्या जठरात भरून उकडायचे, मग जाड काप करून परतायचे, असा हा पदार्थ. गोर्बाचेव्ह आले, येल्त्सिन आले, जॉन मेजर आले. मार्गारेट थॅचर 1989 च्या एप्रिलअखेर आल्या. आपण केवळ जर्मन नसून युरोपीय आहोत हे बाईंना पटवावं, म्हणून कोल त्यांना जेवणानंतर श्पायरच्या कॅथीड्रलमध्येही घेऊन गेले. थॅचर यांचे सल्लागार चार्ल्स पॉवेल यांनी नंतर सांगितलं की परतीच्या विमानात बसल्याबरोबर बाईंनी बूट भिरकावले आणि हा माणूस किती जर्मन आहे, असा उद्गार काढला.

पण डाइडेसहाइमचा खरा सोहळा कुणा चॅन्सेलरचा नाही, बोकडाचा आहे. शेजारच्या लाम्ब्रेख्ट गावाला डाइडेसहाइमच्या जंगलात गुरं चारायचा हक्क होता. त्याबदल्यात दरवर्षी एक बोकड द्यायचा, शिंगं धडधाकट आणि नर म्हणून कसाला उतरणारा, हा करार 1404 पासूनचा सांगितला जातो. चराई केव्हाच संपली, बोकड अजून येतो. पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या मंगळवारी लाम्ब्रेख्टमधलं अगदी अलीकडे लग्न झालेलं जोडपं त्याला घेऊन डोंगर ओलांडून येतं. संध्याकाळी नगरभवनाच्या दगडी जिन्यासमोर त्याचा लिलाव होतो आणि सहाच्या ठोक्याला बोली बंद. जुना करार मोडण्यापेक्षा त्याची जत्रा करणं इथल्या लोकांना सोयीचं वाटलं असावं.

इथेच 1898 साली फाल्ट्समधली पहिली द्राक्षबागायतदार सहकारी संस्था स्थापन झाली. लहान मळेवाल्यांकडे तळघर नाही, दाबयंत्र नाही, भाव ठरवायची ताकद नाही. तेव्हा द्राक्षं एकत्र आणायची आणि वाइन संस्थेनं विकायची, ही कल्पना. त्यामागची प्रेरणा ऱ्हाइनकाठचा फ्रीडरिश विल्हेल्म राइफाइझेन. महाराष्ट्राशी त्याचं नातं दूरचं असलं तरी खरं आहे. मद्रास सरकारनं नेमलेल्या फ्रेडरिक निकोलसन या अधिकाऱ्यानं 1890 च्या दशकात युरोपातल्या पतसंस्थांचा अभ्यास करून लिहिलेल्या अहवालाचं सार ‘राइफाइझेन शोधा’ असं होतं. त्यापाठोपाठ 1904 चा सहकारी पतसंस्था कायदा आला आणि पुढे सोसायट्या, संघ, कारखाने यांचं आपलं सगळं रामायण घडलं. डाइडेसहाइमच्या संस्थेच्या काउंटरवर आज सात-आठ युरोंना मिळणारी बाटली शेजारच्या घराण्याच्या पंचवीस युरोंच्या बाटलीपुढे अगदीच फिकी पडत नाही, हेही नमूद करायला हवं.

दोन किलोमीटरवरचं फोर्स्ट म्हणजे एकच रस्ता आणि त्यामागे जर्मनीतल्या सर्वांत महागड्या द्राक्षजमिनींपैकी काही. बव्हेरियाच्या सरकारनं करआकारणीसाठी 1828 मध्ये इथल्या जमिनींची प्रतवारी केली तेव्हा चर्चमागचा ‘किर्खेनश्ट्युक’ हा तुकडा सर्वांत वरच्या दर्जाचा ठरला. आजही त्याची एक ओळ विकत घेणं सोपं नाही. शेजारच्या ‘पेखश्टाइन’ मळ्यात वाकून पाहिलं तर वेलींच्या बुडाशी काळे कुळकुळीत दगडगोटे दिसतात. हा बसाल्ट, आपल्या सह्याद्रीचाच दगड. डोंगरातल्या खाणीतून तो फोडून आणून मळ्यांत पसरला जायचा, कारण दिवसभर शोषलेली उष्णता तो रात्री वेलींना परत देतो. संध्याकाळी सातच्या सुमारास त्यावर तळहात ठेवला तर ऊब लागते.

बाट ड्युर्कहाइमला सप्टेंबरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवार-रविवारला जोडून वुर्स्टमार्क्ट भरतो. नाव ‘सॉसेजबाजार’, पण ही जगातली सर्वांत मोठी वाइनजत्रा मानली जाते. सहा लाखांच्या आसपास माणसं येतात. 1417 मध्ये तिची पहिली नोंद आहे. मिखाएल टेकडीवरच्या चॅपेलला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी शेतकरी हातगाड्यांवरून वाइन आणि खाणं आणायचे. आजही जत्रेतल्या जुन्या पालांना हातगाडीवाल्यांचंच नाव आहे आणि वाइन मिळते ती अर्ध्या लिटरच्या मापात. जत्रेच्या मैदानावर 1934 मध्ये फ्रित्स केलर या पिंपकारानं बांधलेलं अजस्र पिंप आहे: व्यास साडेतेरा मीटर, पोटात 17 लाख लिटर मावतील. हायडेलबेर्गच्या किल्ल्यातल्या नामांकित पिंपाच्या जवळजवळ आठपट. त्यात वाइन कधीच भरली गेली नाही, आत रेस्टॉरंट आहे. गावाबाहेर उंगश्टाइनला 1981 मध्ये मळ्यांची फेरआखणी करताना रोमन शेतवाडा सापडला. द्राक्षं तुडवायचे हौद, रस वाहून नेणारा पन्हळ, आणि गाळात अडकलेल्या बिया. अजस्र पिंपापुढे रांग असते, या हौदांपाशी सकाळी एकटं उभं राहता येतं.

काल्श्टाट हे हजार-बाराशे वस्तीचं गाव. केचपवाल्या हेन्री हाइन्त्सचे वडील इथले आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदी पोहोचलेल्या डॉनल्ड ट्रम्प यांचे आजोबा फ्रीडरिश ट्रम्प हेही इथलेच. ते 1885 मध्ये सोळाव्या वर्षी घर सोडून न्यूयॉर्कला गेले, पैसा कमावून बायकोला घेऊन परतले, पण लष्करी सेवा चुकवल्याच्या कारणावरून बव्हेरियन सरकारनं त्यांना राहू दिलं नाही. गावकरी या पाहुण्या प्रसिद्धीबद्दल फार बोलत नाहीत. त्यांना बोलायचं असतं झाउमागेनबद्दल. इथे ते केवळ ताटातलं नाव नाही, गावच्या सर्वांत नामांकित मळ्याचंही नाव आहे. रोमनांच्या काळातल्या चुनखाणीच्या जागेवरचा हा मळा. त्याची रीसलिंग त्याच पदार्थाबरोबर प्यायची पद्धत आहे. शेजारच्या फ्राइन्सहाइमची सुमारे 1.3 किलोमीटरची तटबंदी जवळपास सगळी शाबूत आहे. तटाच्या आतून फेरी मारायला अर्धा तास पुरतो, बुरुजांना चिकटून बांधलेल्या परसबागांत डोकावलं तर तास.

सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलेल्यांना रस्त्याकडेला ‘नॉयर वाइन’ लिहिलेल्या पाट्या दिसतात. ही अजून आंबत असलेली, गढूळ, गोडसर नवी वाइन. तिच्यासोबत कांद्याचा गरम ‘त्सीबेलकूखेन’ खातात. त्यात बहुधा डुकराच्या चरबीचे तुकडे असतात, शाकाहाऱ्यांनी आधी विचारावं. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तर हा सगळा मार्ग मोटारींना बंद होतो आणि सायकली, स्केट्स, बाबागाड्या यांच्या ताब्यात जातो. त्या दिवशी गाडी घेऊन पोहोचलेल्यानं ती नॉयश्टाटच्या स्टेशनाजवळ सोडावी. ड्युर्कहाइमच्या आणि व्हिसेंबूरच्या दिशेनं लोकल गाड्या धावतात.

बोकेनहाइमला रस्त्यावरून आडवी गेलेली एक इमारत आहे, 1995 मध्ये बांधलेली. वाइन मार्गाचं हे दुसरं टोक. 1953 पासून या गावात फाल्ट्सच्या बोलीतल्या कवींची स्पर्धा भरते. प्रमाण जर्मन शिकून आलेल्या परदेशी माणसाला त्यातलं निम्मंही कळत नाही, जर्मनांची स्थितीही फार वेगळी नसते. कमानीपलीकडे द्राक्षमळे तसेच पुढे चालू राहतात, फक्त प्रदेशाचं नाव बदलून ऱ्हाइनहेसेन होतं.

परतताना बाटल्या घ्यायच्याच असतात. नवी वाइन घेऊ नये. आतला वायू बाहेर पडावा म्हणून तिचं झाकण मुद्दाम सैल ठेवलेलं असतं, बाटली आडवी झाली की सामानाचं वाटोळं. भारतात माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या घेतल्या तर अर्धा लिटर फुकट जातो. फाल्ट्सचे बागायतदार मात्र रोजच्या पिण्याची रीसलिंग एक लिटरच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत भरतात. पाच-सहा युरोंत एक. दोन घेतल्या की हिशेब चोख बसतो.